कोमट उंदीर

गोठवलेला उंदीर कोमट करणं वाटतं तेवढं सोपं नाही. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे तसं वाटतंय? बरोबर आहे. मलाही उभ्या आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं. पण अलीकडे मी या विषयात इतका खोल गेलो आहे की रस्त्यात कुणी नुसतं "काय म्हणताय?" विचारलं, तरी मी त्याला उंदरांबद्दल सांगायला लागतो. बरेच ओळखीचे लोक हल्ली समोरच्या बाजूने चालतात.

आमच्या घरात एक साप आहे. अजगराच्या कुळातला, बिनविषारी, मनगटाएवढा जाड आणि स्वभावाने माझ्यापेक्षा शांत. तो मुलीचा. ती त्याला गळ्यात घालून अभ्यास करायची, म्हणून त्याचं नाव मफलर. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी ती दुसऱ्या गावी गेली, तिथल्या वसतिगृहाने सापाला जागा द्यायला नकार दिला, आणि मफलर माझ्या गळ्यात पडला. जाताना तिने सगळं शिकवलं. त्याला जिवंत उंदीर द्यायचा नाही, कारण उंदीर चावतो. साप उंदराला चावतो एवढंच मला ठाऊक होतं; उंदीरही सापाला चावतो म्हटल्यावर या जगात कुणाचाच भरवसा उरला नाही. म्हणून फ्रीझरमधला उंदीर काढायचा, पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, वितळला की अंग कोरडं करायचं, मग जिवंत उंदराच्या अंगाइतका गरम करायचा, डोक्याकडे किंचित जास्त, आणि लांब चिमट्यात धरून त्याच्यासमोर हलवायचा. मफलरच्या ओठांवर बारीक खळगे आहेत. त्यांनी त्याला ऊब कळते आणि नाकाने वास कळतो. दोन्ही जुळलं की तो झडप घालतो. "साधं आहे, बाबा," असं मुलगी म्हणाली.

साधंच होतं. फक्त मफलर जेवेना.

पण आधी उंदीर घरी कसे आले ते सांगायला हवं. जुना साठा मुलगी असतानाच संपला होता. नवे उंदीर सर्पवाल्यांकडून यायचे. हे सर्पवाले म्हणजे साप पाळून वाढवणारे गृहस्थ. मफलरचा जन्म त्यांच्याच घरचा. त्यांनी बर्फाच्या खोक्यात घालून उंदीर पाठवले आणि खोकं पार्सल कार्यालयात येऊन अडकलं. खिडकीवरच्या बाईंनी आत काय आहे असं विचारलं. मी खरं सांगितलं, आणि तिथेच घोडं अडलं. जिवंत प्राणी असतील तर मागची खिडकी, मांस असेल तर आरोग्य खात्याचा दाखला. हे कोण खाणार, असं त्यांनी विचारलं. साप, म्हटलं. मग हे मांस नाही, असा त्यांनी निकाल दिला. मग काय आहे, हे विचारायला त्या आत साहेबांकडे गेल्या. साहेब बाहेर आले आणि मृत्यू कशाने झाला असं अतिशय हळुवारपणे विचारू लागले. त्यांना वाटलं असावं की आमच्यात काही नातं होतं.

मी स्वतः पाणीपट्टीच्या कार्यालयात नोकरीला आहे. माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे त्यांच्या कामातली सफाई पाहून मला मनातून कौतुकच वाटत होतं. पण खोक्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं होतं आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती. शेवटी मीच, एका कारकुनाने दुसऱ्याला सुचवावं तसं, सुचवलं की कुठल्याच सदरात न बसणारी वस्तू आमच्याकडे 'शैक्षणिक साहित्य' म्हणून जाते. साहेबांचा चेहरा खुलला. उंदीर शैक्षणिक साहित्य होऊन बाहेर पडले, मी रिक्षाने धावत घरी आलो, दारातच खोकं बायकोच्या हातात दिलं आणि तसाच उलट्या पावली कार्यालय गाठलं.

बायकोची अट पहिल्यापासून स्पष्ट होती. फ्रीझरचा सगळ्यात खालचा कप्पा उंदरांचा. वरच्या कप्प्यांकडे त्यांनी बघायचंही नाही. आणि सापाच्या खोलीत ती पाऊल टाकणार नाही. मुलीचा फोन आला की ती माझ्याआधी विचारायची, "त्याचं कसं आहे?" पण खोलीत म्हणून जायची नाही. मी त्याला सापाची भीती समजत होतो.

पहिल्या जेवणाच्या दिवशी मला जो उत्साह चढला होता, तो मी लग्नातसुद्धा अनुभवला नव्हता. हे वाक्य मी घरात एकदाच बोललो. कार्यालयातून धावत आलो, कपडे न बदलताच पातेल्यात कोमट पाणी घेतलं, उंदीर पिशवीत घालून त्यात सोडला आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. एवढ्यात समोरच्या दारातले हेडमास्तर आले. ते निवृत्त आहेत, पण फक्त पगारातून. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक हॅमस्टर असतो, मुठीएवढा, गुबगुबीत, उंदराच्याच जातकुळीतला. त्याचं नाव मॉनिटर. पातेल्यातलं दृश्य बघून त्यांनी मॉनिटरच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मग मला उष्णतेचा धडा दिला. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, तेव्हा पाणी दर थोड्या वेळाने बदला. आणि नुसत्या बोटाने अंदाज घेऊ नका, मोजा. मी घरातला तापमापक आणला. तो लावायचा कुठे, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी बगलेत लावला. दोन प्रौढ माणसं स्वयंपाकघरात बसून मेलेल्या उंदराचा ताप बघत आहेत, हे बायकोने दारातून पाहिलं, आणि त्याच दिवशी घरात नवा तापमापक आला.

उंदीर योग्य तेवढा तापला. मी मफलरच्या पेटीची काच सरकवली आणि तो चिमट्यात धरून त्याच्यासमोर नेला. मफलरने मान वर केली, जीभ दोनदा बाहेर काढली, उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाहुण्याने ताटातली भाजी चाखून भाकरीखाली सरकवावी, तसं. मी उंदीर नाचवला, धावल्यासारखा केला, लपल्यासारखा केला. मफलर आपल्या लाकडाच्या बोगद्यात निघून गेला.

पुढच्या खेपेआधी, पहिला उंदीर ओला राहिला होता म्हणून असं झालं, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष हेडमास्तरांचा. कोरडं करायला ड्रायर हवा म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या पार्लरवाल्या वहिनींकडे गेलो. कशासाठी हवा हे सांगितल्यावर त्या नाही म्हणतील अशी माझी खात्री होती, पण त्यांनी गिऱ्हाइकाचे केस अर्धवट सोडले आणि ड्रायर घेऊन स्वतःच वर आल्या. त्यांचा ड्रायर मोठा, धंद्याचा; त्याची पिन आमच्या घरातल्या एकाही बोर्डात बसेना. जिन्यातल्या बोर्डात बसली. मग जिन्यातच कार्यक्रम सुरू झाला. वहिनींनी एका हातात बारीक कंगवा घेतला आणि केस मुळापासून उलटे वाळवले की फुलून येतात, हे मला दाखवलं. खरंच आले. उंदीर इतका देखणा दिसायला लागला की तो खायला घालणं माझ्या जिवावर आलं. वरून उतरणारे लोक थांबून बघू लागले, कुणी म्हणालं मधोमध भांग पाडा, कुणी म्हणालं मायक्रोवेव्हमध्ये का नाही ठेवत. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर फुटतो, हे मी त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला की मायक्रोवेव्हचं कुणी नाव काढलं. त्याच क्षणी ड्रायर बंद पडला, जिन्यातले दिवे गेले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. लिफ्टमध्ये इमारतीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी बाहेर निघेपर्यंत उंदीर गार झाला होता. तो पुन्हा तापवला, तरी मफलरने त्याच्याकडे पाठ फिरवलीच. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की सामाईक विजेवर मृत प्राणी तापवण्यास सक्त मनाई आहे. खाली कुणाचंही नाव नव्हतं, पण 'संबंधितांनी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. इतकी वर्षं मी या इमारतीत मान ताठ ठेवून वावरलो. आता भाजीवालासुद्धा मला बघून "उंदीर जेवला का साप?" असं विचारतो, आणि त्यात कर्ता कोण हे त्यालाही नीट माहीत नसतं.

तरी सांगतो, मला मजा येत होती. कार्यालयात फायली बघताना मी खोलीतला उजेड कमी करावा का, उंदीर डावीकडून द्यावा का, याचाच विचार करत असे. मफलर मात्र दर खेपेला जीभ काढायचा आणि तोंड फिरवायचा. त्याच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. हात लावला की कातडी सैल लागायची. आता मजा कमी आणि काळजी जास्त झाली.

मग मुलीचा फोन आला. तिने सर्पवाल्यांशी बोलून ठरवलं होतं. रविवारी दुपारपर्यंत मफलर जेवला नाही, तर ते स्वतः येऊन त्याला घेऊन जाणार, त्यांच्याकडे औषधपाण्याची सोय आहे. आणि एकदा गेला की परत आणायचा नाही, कारण दर वेळी जागा बदलली तर तो पुन्हा अन्न सोडेल. "तुमचं काही चुकलं नाही, बाबा," ती म्हणाली, आणि मग नाक ओढलं. मुलगी लहानपणापासून रडत नाही, नुसतं नाक ओढते. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. ती नुसतीच "बरं, बरं" म्हणत राहिली. मी त्याच वेळी मनाशी ठरवलं, मफलर या घरातून उपाशी जाणार नाही.

रविवारी सकाळीच मी कामाला लागलो. वहिनींनी या वेळी घरच्या बोर्डात बसणारा छोटा ड्रायर आणला. हेडमास्तर जुना तापमापक घेऊन बसले. उंदीर वितळला, वहिनींनी वाऱ्याचा झोत सोडला आणि स्वयंपाकघरात तोच मंद सुगंध पसरला, जो मागच्या वेळी जिन्यातही आला होता. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या ड्रायरला वास मात्र छान येतो. त्या म्हणाल्या की ड्रायरला कसला वास. त्यांना वाटलं होतं की मीच उंदराला काही लावतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी, निवृत्तीला टेकलेला, जबाबदार खात्यातला माणूस, वाकलो आणि उंदराचा वास घेतला. लव्हेंडर. आमच्या बेसिनवरच्या हात धुण्याच्या साबणाचा.

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगितली पाहिजे. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आमच्याकडे धुतल्याशिवाय फ्रीजमध्ये जात नाही. दुधाच्या पिशव्या, लोण्याचे डबे, औषधाच्या बाटल्या, सगळं आधी बेसिनच्या नळाखालून निघतं. इतक्या वर्षांत मला त्याची एवढी सवय झाली आहे की पार्सलातले उंदीर बायकोने फ्रीझरमध्ये ठेवले म्हणजे काय काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

मी हाक मारली. ती दारात आली आणि आमचे चेहरे बघूनच तिला कळलं.

"धुतले," ती म्हणाली. "सगळे. मऊ ब्रशने."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? ते खोकं किती हातांतून आलेलं, किती ठिकाणी ठेवलेलं. पोरीने जीव आपल्या भरवशावर ठेवलाय. त्याला तसलं घाण खायला घालू?" आणि जरा थांबून हळूच म्हणाली, "पहिला नाही खाल्ला ना, म्हणून बाकीचे पुन्हा एकदा धुतले. म्हटलं, नीट निघालं नसेल."

मला हसू आलं. जिला मी इतके दिवस सापाला घाबरणारी समजत होतो, ती रोज गुपचूप त्याच्या जेवणाची काळजी करत होती. आणि त्या काळजीनेच तो बिचारा उपाशी मरायला टेकला होता. ती एकदम खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्यामुळे," एवढंच म्हणाली. मी तिला म्हटलं की रडायला वेळ नाही, सर्पवाले यायच्या आत या उंदराला उंदराचा वास आणायचा आहे.

वास उंदराचा हवा आणि घरात एकच उमेदवार होता. तो हेडमास्तरांच्या खिशात झोपला होता. सगळ्यांची नजर खिशाकडे वळली तसे हेडमास्तर उठून उभे राहिले आणि दोन्ही हात छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकले. मॉनिटरला धक्काही लागणार नाही, फक्त त्याच्या पिंजऱ्यातला खालचा भुसा हवा आहे, हे त्यांना पटवायला मला माझ्या नोकरीतलं सगळं कसब पणाला लावावं लागलं. ते घरी गेले, मॉनिटरला न्हाणीघरात ठेवून बाहेरून कडी लावली, कडी दोनदा ओढून पाहिली आणि मूठभर भुसा कागदात बांधून घेऊन आले. कामगिरी फत्ते झाली तर मॉनिटरच्या योगदानाचा उल्लेख व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. तो मी इथे करत आहे.

मी उंदीर साध्या पाण्यातून भरपूर खंगाळला, पुन्हा वाळवला आणि दोन्ही हातांनी भुशात चांगला घोळवला. वास असा सुटला की वहिनींनी खिडकी उघडली. हेडमास्तरांनी ताप पाहून मान डोलावली. मी चिमटा घेतला, खोलीत गेलो, काच सरकवली.

मफलरची मान वर आली. जीभ एकदा निघाली, दोनदा, मग भराभरा निघायला लागली. इतक्या दिवसांत त्याने असं कधी केलं नव्हतं. त्याची मान मागे वळून घट्ट झाली, आणि त्याने झडप घातली. झडप अचूक होती. माझ्या अंगठ्यावर.

चूक त्याची नव्हती. ड्रायरने हात तापलेले आणि भुशाने माखलेले. त्या क्षणी माझ्याइतका चांगला उंदीर त्या खोलीत दुसरा नव्हता. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू. "त्याला भूक लागली," मी ओरडलो, "त्याला भूक आहे." हाताला साप लटकलेला, अंगठ्यातून रक्त येतंय आणि मी हसतोय, हे बघून हेडमास्तर कॉटवर चढले. मफलरने काही क्षण मला तोंडात धरून ठेवलं आणि मग सोडून दिलं. इतक्या दिवसांत त्याने लव्हेंडर नाकारलं होतं. आता मलाही नाकारलं. त्या अवस्थेतही माझ्या मनाला ते थोडं लागलं.

चिमटा खाली पडला होता. मी उजवा हात धरून तो शोधत होतो, तेवढ्यात कुणीतरी तो उचलला. बायको खोलीत आली होती. मफलर आल्यापासून पहिल्यांदा. तिने उंदीर चिमट्यात धरला आणि मी शिकवल्याशिवाय, डोकं पुढे करून, काचेच्या आत नेला. तिचा हात जराही हलत नव्हता. "घे रे," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता नाही धुतलेला."

मफलरने घेतला. दोन वेटोळी घातली, मग सावकाश उंदराचं डोकं शोधलं आणि तोंड उघडलं. आम्ही चौघं जण खोलीत दाटीने उभे होतो. वहिनी रुमालाने डोळे पुसत होत्या. हेडमास्तर कॉटवरून उतरायला विसरले होते.

आणि दारावरची घंटा वाजली. मी अंगठ्याला फडकं गुंडाळून दाराकडे धावलो, पण बायको माझ्या पुढे गेली. दारात सर्पवाले उभे होते. काखेत भोकं पाडलेलं खोकं, चेहऱ्यावर समजूतदारपणा. उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून ते म्हणाले की दुसऱ्या गावी जायचं आहे, तेव्हा लगेच न्यावं म्हणतो. बायकोने दार अर्धंच उघडं ठेवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात ती स्वतः उभी होती.

"आत्ता नाही नेता येणार," ती म्हणाली. "तो जेवायला बसलाय. आमच्याकडे भरल्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत."

सर्पवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातावरच्या फडक्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या सगळं लक्षात आलं. ते हसले आणि खोकं जिन्यात ठेवून आत बघायला आले.